घर कापायचं, पण पाडायचं नाही

या वेळी आलेल्या प्रश्नांतले चार एकाच गोष्टीभोवती फिरतायत, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं बिल्डिंगचं मॉडेल मधून कापून आतलं दाखवायचं कसं, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ठेवले. वाळवीबद्दल विचारणाऱ्या काकांनी जरा धीर धरावा.

प्रश्न : सर, मी राजारामपुरीत एका आर्किटेक्टकडं ड्राफ्टिंग करतो. कसबा बावड्यातल्या एका बंगल्याचं स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे मॉडेल केलंय. क्लायंटला आतलं दाखवायचं म्हणून फाइलची कॉपी मारली आणि पुढची भिंत, अर्धा स्लॅब डिलीट केला. आता ते जिना सरकवा म्हणतायत आणि माझ्याकडं चार फायली झाल्यात, कुठल्यात काय बदललंय तेच कळंना. सेक्शन प्लेन, म्हणजे मॉडेल कापून दाखवणारा सपाट पडदा, लावून बघितलं तर सोफा, झाडं, गाडी सगळंच मधून कापलं गेलं, वर भिंती आतनं पोकळ दिसतात. काय करू?

उत्तर : भावा, हे पाप आम्हीपण केलंय, नवीन असताना सगळेच करतात. पहिलं काम म्हणजे त्या चारातली जी पूर्ण आहे ती ठेव, बाकीच्या एका फोल्डरमधे टाक आणि परत उघडू नको. कारण कापणं आणि पाडणं यात फरक आहे. सेक्शन प्लेन काहीच डिलीट करत नाही, नुसतं एका बाजूचं दिसणं बंद करतं, प्लेन बंद केलं की घर परत अख्खं. त्यामुळं जिना एकदाच सरकवायचा आणि तुझे जेवढे कट असतील तेवढ्यांत तो आपोआप सरकलेला दिसतो.

आता सोफ्याचं. तू प्लेन बाहेर, मोकळ्या मॉडेलमधे टाकलंस, म्हणून त्याच्या वाटेत आलं ते सगळं कापलं गेलं. प्लेन ज्या ग्रुपच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या गठ्ठ्याच्या, आत टाकशील तेवढंच ते कापतं, ही त्याची खरी गंमत. म्हणून भिंती आणि स्लॅब यांचा एक ग्रुप कर, फर्निचर, झाडं, गाडी त्याच्या बाहेर ठेव, मग भिंतींच्या ग्रुपवर डबल क्लिक करून आत जा आणि तिथं सेक्शन प्लेन टाक. भिंत कापली जाते, सोफा अख्खा राहतो. प्लेन टाकताना ते जवळच्या फेसला, म्हणजे सपाट पृष्ठभागाला, चिकटून वेडंवाकडं फिरत असतं, त्याला हवी ती दिशा मिळाली की शिफ्ट दाबून धरायचं, म्हणजे दिशा लॉक होते. नंतर मूव्ह टूलनं पुढंमागं सरकव. उलटीच बाजू गायब झाली तर राइट क्लिक करून रिव्हर्स. एक लक्षात ठेव, एका पातळीवर, म्हणजे एका ग्रुपच्या आत किंवा बाहेर मोकळ्या मॉडेलमधे, एकावेळी एकच प्लेन ॲक्टिव्ह असतं, दुसऱ्यावर डबल क्लिक केलंस की पहिलं झोपतं, त्यामुळं "माझा कट गेला कुठं" म्हणून घाबरायचं नाही.

पोकळ भिंतीचं कारण असं की स्केचअपमधे भिंत म्हणजे आतनं भरीव वस्तू नसतेच, पत्र्याच्या डब्यासारखे नुसते फेस असतात, कापलं की डब्याची पोकळी दिसणारच. २०१८ च्या व्हर्जनपासून सेक्शन फिल आलंय, व्ह्यू मेनूत जाऊन ते चालू कर, कापलेली जागा रंगानं भरते. रंग स्टाइल्समधे बदलता येतो, मी काळपट करडा ठेवतो, लाल केला की मटणाचं दुकान वाटतं. पण फिल तिथंच बसतं जिथं कापलेल्या रेषा पूर्ण बंद होतात. कुठं फट असली, नाहीतर भिंतीच्या आत एखादा उपटसुंभ फेस राहिला असला की ती भिंत पोकळीच राहणार. भिंतीचा ग्रुप सिलेक्ट करून एंटिटी इन्फो ही माहितीची खिडकी बघ, तिथं व्हॉल्यूम दिसत असेल तर ग्रुप सॉलिड, म्हणजे सगळीकडनं बंद, आहे, नसेल तर घोटाळा त्याच ग्रुपमधे आहे. फट हातानं सापडत नसेल तर सॉलिड इन्स्पेक्टर नावाचं एक्स्टेन्शन येतं, ते कुठं गळतंय ते दाखवतं.

आणि चार फायलींऐवजी एकाच फाइलमधे चार सीन, म्हणजे सेव्ह केलेली दृश्यं, कर. प्रत्येक सीन आपला ॲक्टिव्ह कट लक्षात ठेवतो. एकाच दिशेच्या प्लेनच्या दोनतीन कॉप्या एकामागं एक ठेवून त्यांचे सीन केलेस आणि प्ले केलंस की कट घरातनं सरकत जाताना दिसतो, क्लायंट खूश. प्रिंट मात्र कॅमेरा मेनूतनं पॅरलल प्रोजेक्शन करून, म्हणजे लांबचं-जवळचं सगळं एकाच मापात येतं, प्लेनवर राइट क्लिक, अलाइन व्ह्यू, असंच काढ. पर्स्पेक्टिव्हमधला, म्हणजे लांबचं लहान दिसणारा, सेक्शन दिसायला भारी असतो पण साइटवर मिस्त्री त्यावर फूटपट्टी ठेवतो आणि मग भांडण आपल्याशी.

प्रश्न : कॉलेजच्या डॉक्युमेंटेशनसाठी आमच्या ग्रुपनं खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचं मॉडेल केलंय. सेक्शन, म्हणजे कापलेलं चित्र, नेमका कुठनं घ्यायचा यावर चौघांची चार मतं आहेत.

उत्तर : सेक्शन घ्यायचा तिथं, जिथं बाहेरनं बघणाऱ्याला काहीच अंदाज येत नाही. खिद्रापूरला ती जागा म्हणजे स्वर्गमंडप. बाहेरनं खांबांची दाटी दिसते, आत मधोमध उभं राहून मान वर केली की गोल उघडं आभाळ, आणि खाली त्याच मापाची गोल शिळा. हे नातं प्लॅनमधे नुसतं दोन वर्तुळं होऊन जातं, एलिव्हेशनमधे, म्हणजे बाहेरनं समोरून काढलेल्या चित्रात, तर दिसतच नाही. म्हणून लांबीच्या दिशेनं बरोबर मधल्या अक्षावरनं कापा, म्हणजे स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ (गाभाऱ्याआधीची छोटी जागा), गाभारा ओळीनं येतात आणि उजेडातनं अंधारात जाणं एका चित्रात दिसतं. माणसं चालतात त्याच वाटेनं कट जातो, त्यामुळं छपरातल्या त्या गोल झरोक्याभोवतीचे बारा खांब कापले जाणार नाहीत, मागच्या बाजूचे अख्खे दिसतील. खांब उभा चिरायचा नसतो, जुने ड्राफ्ट्समन हे कटाक्षानं पाळायचे, कारण चिरलेला खांब म्हणजे नुसता भरीव पट्टा, त्यावरचं कोरीवकाम गेलं.

आडवा दुसरा कट घ्यायचा असेल तर तो झरोक्याच्या मधनंच घ्या, तो झरोक्याच्या बाहेर गेला की छप्पर बंद असल्यासारखं दिसतं आणि सगळी मेहनत पाण्यात. आणि प्लॅन म्हणजेसुद्धा कटच आहे हे विसरू नका, जमिनीपासून साधारण चार फुटांवरचा आडवा. या निमित्तानं पन्हाळ्याची अंधारबावडीपण मोजून बघा की, वरनं साधी इमारत वाटते आणि खाली मजले उतरत विहिरीपर्यंत जातात, सेक्शनशिवाय ती कागदावर येतच नाही.

प्रश्न : रेव्हिट या बिल्डिंग-ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे थ्रीडीत सेक्शन बॉक्स, म्हणजे बाहेरचं कापून टाकणारा चौकोनी डबा, लावला आणि आता थ्रीडी उघडलं की अर्धीच बिल्डिंग दिसते.

उत्तर : मूळ थ्रीडी व्ह्यूवरच लावला ना? आधी व्ह्यू डुप्लिकेट करायचा, मग प्रॉपर्टीजमधे एक्स्टेंट्सखाली सेक्शन बॉक्सची टिक, मग बॉक्स सिलेक्ट करून बाण ओढायचे. मूळ व्ह्यूची टिक काढा, घर परत येईल. प्रिंटमधे बॉक्सच्या रेषा नको असतील तर तो एलिमेंट हाइड करा, कट तसाच राहतो.

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेतलं सासऱ्यांचं घर पाडून नवीन बांधतोय. आर्किटेक्टनं मोबाईलवर घर मधून कापलेलं चित्र पाठवलं. छान आहे, पण त्यात बघायचं काय ते कळत नाही. सासूबाई तर म्हणतात, बांधायच्या आधीच घर चिरलेलं कशाला दाखवता.

उत्तर : ताई, आधी हे विचारा की कट कुठनं घेतलाय. बऱ्याचदा तो हॉल आणि बेडरूममधनं घेतात कारण तिथं पडदे, झुंबर वगैरे छान दिसतं, आणि घोटाळे असतात ते जिन्यात आणि टॉयलेटमधे. म्हणून दुसरा कट जिन्यातनं मागा. जिन्याखालनं किंवा लँडिंगखालनं जायची वाट असेल तर डोक्यावर २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फुटाच्या आसपास मोकळं हवं, तिथं बीम आडवा येतोय का बघा. मग टॉयलेटमधनं कट मागा. वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा स्लॅब खाली दाबलेला असतो, साधारण नऊ इंच ते फूटभर, आणि तेवढी खालच्या खोलीची उंची जाते. ती खालची खोली कुठली, हे त्याच चित्रात दिसतं. देवघर असेल तर सासूबाईंना नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

तिसरं, प्लिंथ, म्हणजे जोतं. रस्ता आणि घराची फरशी यांत किती पायऱ्यांचं अंतर आहे ते कापलेल्या चित्रातच नीट कळतं, पण त्यासाठी चित्रात समोरचा रस्तापण यायला हवा, तो नसेल तर घालायला सांगा. आपल्याकडं रस्ते दर डांबरीकरणाला वर येतात आणि घरं जिथल्या तिथं राहतात.

सासूबाईंना मात्र आधी अख्खं घर दाखवा, चहा झाला की मग कापलेलं.