ड्रेस्डेन फाइल्स पहिली तीन पुस्तकं सोडून चौथ्यापासून वाचली तर चालेल का?

चालेल की, कोण पोलीस येणार आहे. पण मला विचाराल तर नको, शिकागोतल्या हॅरी ड्रेस्डेन या जादूगार-डिटेक्टिव्हची ही जिम बुचरची इंग्रजी कादंबरीमालिका पहिल्यापासूनच वाचा. हे 'सुरुवातीची सोडा' प्रकरण जो तो सांगत सुटतो ना, त्यावर माझं डोकं जुनंच तापलेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मला हाच सल्ला माझ्या मामेभावाने दिला होता. दादा गोव्यात वेर्ण्याला कंपनीत आहे, इंग्रजी फँटसी कोळून प्यायलेला माणूस. गणेश चवथीला आम्ही सगळे मामाच्या घरी सत्तरी तालुक्यात जमतो, तर तिथे गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर त्याने बॅगेतून चौथं पुस्तक, समर नाइट, काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, पहिली तीन फालतू आहेत, लेखक तेव्हा शिकत होता, इथून सुरू कर मरे. मी केलं. सुरुवातीलाच शिकागोत बेडकांचा पाऊस, हॅरी दाढी वाढवून बसलेला, सुझन नावाच्या कोणा बाईसाठी काहीतरी उतारा शोधतोय, आणि जादूगारांचं व्हॅम्पायरांशी युद्ध चालू. ही सुझन कोण, युद्ध कुणी लावलं, काही पत्ता नाही. विचारलं तर दादा म्हणे, समजेल पुढे. अरे पुढे कसं समजेल, ते मागे घडलंय ना!

आणि त्याच संध्याकाळी मामा राखणदाराला, म्हणजे हद्द राखणाऱ्या देवाला, रोट ठेवायला कुळागराच्या, आमच्या पोफळीच्या बागेच्या, हद्दीवर निघाला. मी दिवा धरायला सोबत गेलो. मामाने केळीच्या पानाचा तुकडा पसरला, त्यावर तांदळाचा जाड रोट ठेवला, विडी पेटवून एक झुरका न घेता तशीच बाजूला टेकवली आणि गाराणं घातलं, त्यात पोराबाळांपासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळे आले. परत आलो तर दादा सोप्यावर बसून हसतोय, बाबा अजून अंधश्रद्धा सोडत नाहीत. वर जेवताना हाच माणूस मला रंगवून सांगतोय की हॅरी टूट-टूट नावाच्या चिमुकल्या परीला पिझ्झा देतो आणि त्याबदल्यात सगळी परी-मंडळी त्याच्यासाठी बातम्या काढतात, काय जबरदस्त वर्ल्डबिल्डिंग! म्हणजे शिकागोत दिलं की वर्ल्डबिल्डिंग आणि सत्तरीत दिलं की अंधश्रद्धा. मामा भात कालवत एवढंच म्हणाला, माझा रोट स्वस्त पडतो.

मग मी हट्टाने पहिलं मिळवून वाचलं, स्टॉर्म फ्रंट, 2000 सालचं. त्यात टूट-टूटला बोलवायला हॅरी पिझ्झा नाही ठेवत, तळ्याकाठी रिंगण आखून ब्रेड, दूध आणि मध ठेवतो, ब्रेडवर स्वतःच्या रक्ताचा थेंब टाकतो आणि त्याचं खरं नाव घेऊन हाक मारत बसतो. आता सांगा, यात आणि मामाच्या पानात फरक किती? देणं, नाव, हद्द, सौदा, सगळं तेच. दादाला मी हे सांगितलं तेव्हा कळलं की त्याने पहिलं वाचलंच नव्हतं, कुणीतरी फालतू म्हटलं म्हणून सोडलं होतं. आणि हा मला सांगणार कुठून सुरू करायचं!

नुसतं माझ्या भांडणापुरतं नाही हे. बियांका ही व्हॅम्पायर पहिल्या पुस्तकात भेटते, हॅरीवर तिचा डूख तिथेच धरला जातो, आणि तिसऱ्यात तिच्या घरच्या पार्टीत सगळं फुटतं ते थेट युद्धापर्यंत. मार्कोन हा शहरातला डॉन, कर्रिन मर्फी ही पोलीसवाली, कवटीत राहून रोमँटिक कादंबऱ्या वाचणारा आत्मा बॉब, सगळे पहिल्यातच. उंबरठ्याचा नियमही तिथूनच हळूहळू मुरत जातो, म्हणजे नांदत्या घराच्या उंबरठ्याला जोर असतो, बाहेरच्या शक्तीला आमंत्रणाशिवाय आत यायचं तर आपला जोर बाहेर ठेवून यावं लागतं, आणि हॅरीसारख्या सड्याफटिंग माणसाच्या भाड्याच्या खोलीला तो जोर जेमतेमच. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेताळाला नव्या वहाणा वाहणाऱ्या गावात जादूगाराचे नियम कसले जड जाणार. हॅरीजवळ यंत्रं बिघडतात, घरात वीज टिकत नाही, मेणबत्तीवर कारभार, हेही ओळखीचंच, आमचा सत्तरीतला पावसाळा आणि काय असतो.

आता खरं ते पण सांगतो, पहिली दोन कच्ची आहेतच. दुसरं, लांडगेमाणसांचं, मध्ये फार रेंगाळतं. आणि हॅरी प्रत्येक बाईचं वर्णन ज्या पद्धतीने करतो ते वैताग आणतं, माझ्या बायकोने त्याच पायी पुस्तक मिटलं आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे ते पूर्ण जात नाही, कमी होतं. तेवढंही सोसत नसेल तर तिसऱ्यापासून धरा, ग्रेव्ह पेरिल, पण त्याच्या पुढून नको. चौथं तर नाहीच, मग दादा काहीही म्हणो. 2020 साली एकाच वर्षात दोन पुस्तकं आली तेव्हाच आकडा सतरावर गेला होता, एवढा मोठा पसारा वाचायचाच आहे तर सुरुवातीच्या तिघांशी काय कंजूषपणा.

वाचायचा कंटाळा असेल तर ऑडिओ ऐका, जेम्स मार्स्टर्सचा आवाज हॅरीला असा बसलाय की नंतर दुसरा चालत नाही. 2007 ची टीव्ही मालिका मात्र आधी बघू नका. तिच्यात बॉब कवटीतून बाहेर येऊन चक्क माणसासारखा हिंडतो.