खनिज शोधाच्या जॉइंट व्हेंचरमध्ये ऑपरेटरचा हिशोब पटत नसेल, तर आपला कॅश कॉल अडवून ठेवावा का?

तुमचा हिस्सा 40 टक्के आहे, ऑपरेटर असलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष काम चालवणाऱ्या भागीदाराने 5 कोटींचा कॅश कॉल (खर्चासाठी भागीदारांकडे पैशांची मागणी) पाठवलाय आणि ड्रिलिंगचा खर्च फुगवलेला वाटतो म्हणून तुम्ही आपले 2 कोटी अडवायच्या विचारात आहात. कळकळीने सांगतो, अडवू नका. नोटिशीची मुदत संपायच्या आत पैसे भरा आणि त्याच दिवशी 'हक्क राखून, हरकतीसह भरत आहोत' असं पत्र द्या. त्यात कोणत्या बिलातल्या कोणत्या रकमेवर हरकत आहे, ते लिहा. 'हिशोब मान्य नाही' एवढ्याने भागत नाही.

खरी भीती डायल्युशनच्या, म्हणजे पैसे न भरल्यास हिस्सा घटवणाऱ्या कलमाची आहे. आजवर 10 कोटी खर्च झाले आणि त्यात तुमचे 4, असं धरू. तुम्ही भरले नाहीत आणि समोरच्याने सगळे 5 कोटी घातले, तर साध्या सूत्राने तुमचा हिस्सा 4 भागिले 15, म्हणजे 26.67 टक्के होतो. काही करारांत मात्र घट दंडासह मोजतात. 13.33 ची ही घट दुप्पट धरली तर 40 मधून 26.67 जातात आणि हातात 13.33 उरतात. हिस्सा 10 टक्क्यांखाली गेला की भागीदारी संपून नुसती रॉयल्टी (उत्पादनातला ठरावीक वाटा), असंही कलम अनेकदा असतं. मग पुढचा एक कॉल चुकला की विषय संपला. हा दंड अवाजवी आहे असं भारतीय करार कायद्याच्या कलम 74 खाली मांडता येतं, पण निकाल लागेपर्यंत व्हेंचरचे निर्णय घेणाऱ्या कमिटीतली तुमची मतं गेलेली असतात.

आता हिशोब कुठे फुगतो ते. ऑफिसात बसून बिलं चाळू नका, करारातला ऑडिटचा हक्क वापरून कोअर शेडवर, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेले खडकाचे दांडे (कोअर) ठेवतात तिथे जा. प्रत्येक रन (ड्रिलिंगची एक खेप) संपतो तिथे कोअर बॉक्समध्ये खोली लिहिलेला ठोकळा ठेवलेला असतो. बिल 120 मीटरचं आणि शेवटच्या ठोकळ्यावर 96.40 असेल, तर बाकीच्या मीटरचं उत्तर ऑपरेटरने द्यायचं. ते आकडे ड्रिलरच्या रोजच्या शिफ्ट रिपोर्टशी ताडा आणि प्रत्येक बॉक्सचा बोअरहोल क्रमांक दिसेल असा फोटो घ्या. नमुन्यांसाठी डिस्पॅच शीट (लॅबला पाठवलेल्या नमुन्यांची यादी) आणि लॅबचं बिल जुळवा. रिग (ड्रिलिंगचं यंत्र) ऑपरेटरच्याच सहकंपनीची असेल तर ती काम न करता उभी राहिल्याचे तास नक्की बघा, माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ तिथे असतो. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) ऑपरेटरने घेतलं असेल, तर तो कर तुमच्याकडून वसूल व्हायला नको.

खनिज शोधाचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे? ऑपरेटरच्या असेल तर सरकारच्या लेखी धारक तोच, तुमचे 40 टक्के फक्त करारातले. तो ते हस्तांतरित करायच्या बेतात असेल, तर लवाद कायद्याच्या कलम 9 खाली कोर्टातून मनाई मागा. लवाद सुरू व्हायच्या आधी आदेश मिळाला तर 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो, आणि तो सुरू होतो वाद लवादाकडे नेण्याची कलम 21 ची नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून. नोटीस आधीच तयार ठेवा.

शेजारच्या जमिनीचं कलमही वाचा, म्हणजे लगतची जमीन एका भागीदाराने घेतली तर काय, हे सांगणारं. जॉइंट व्हेंचरच्या बोलणीत कोरोना कंपनीकडून मिळालेली माहिती वापरून लॅक मिनरल्सने कॅनडातल्या हेमलो भागात लगतची जमीन घेतली. 1989 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कोरोनाला द्यायला लावली. म्हणून डेटा कोणाला, कधी दिला याची नोंद जपून ठेवा.

आणि करारावर पुरेशी स्टॅम्प ड्युटी भरली आहे का, ते आजच बघा. कमी भरली असेल तर दंड भरून दुरुस्त होते, पण वाद पेटल्यावर हीच हरकत समोरचा वकील हमखास घेतो.