मैदानावरचे प्रश्न : बाउल गेमसाठी रजा काढावी का?

प्रश्न : माझा नातू पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे चढाई करणाऱ्यांच्या पुढच्या फळीत खेळतो. परवा फोनवर ओरडूनच सांगत होता, "आजी, आम्हाला बाउल गेम मिळाला!" न्यू जर्सीत असलेला माझा मुलगा मात्र म्हणतो, "आई, ही काही फायनल नाही. प्लेऑफला न पोचलेल्यांची मॅच आहे, तिच्यासाठी रजा कशाला घालवू?" खरं काय? आणि मला इथून ती बघता येईल का?
– एक आजी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या मुलाची माहिती बरोबर आहे, पण त्यावरून त्याने जे ठरवलंय ते मला अजिबात पटलेलं नाही.

लहान कॉलेजांच्या, म्हणजे डिव्हिजन ३ च्या फायनलला स्टॅग बाउल म्हणतात; नावात बाउल असलं तरी तुमच्या नातवाचा सामना तो नव्हे. १९७३ पासून अजिंक्यपद त्याच सामन्यात ठरतं. २०२३ ची फायनल कोर्टलँड कॉलेजने नॉर्थ सेंट्रल कॉलेजविरुद्ध ३८-३७ अशी जिंकली. शेवटी नॉर्थ सेंट्रलने टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला, तेव्हा साध्या किकने एक गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. गतविजेते होते ते, त्यांनी दोन गुणांसाठी चढाई केली आणि ती अडवली गेली. असला सामना प्रत्येकाच्या नशिबी नसतो. फुटबॉल खेळणारी कॉलेजं दोनशेहून जास्त, आणि प्लेऑफमध्ये जागा २०२३ पर्यंत ३२, २०२४ पासून ४०. चांगला हंगाम खेळूनही कित्येक संघ बाहेर राहतात. अशांपैकी काहींनाच बाउलचं बोलावणं येतं. तुमच्या नातवाच्या भागात सेंटेनियल आणि मिडल अटलांटिक या दोन कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या गटांचे संघ एकमेकांशी असे सामने खेळतात. एकच सामना, पुढची फेरी नाही.

आणि हे लक्षात घ्या, डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे तुमच्या नातवाने चार वर्षं अभ्यास सांभाळून पहाटेचा व्यायाम, सराव, दुखापती हे सगळं निव्वळ आवडीपोटी केलं. अशा खेळाडूंतले फार थोडे पुढे व्यावसायिक खेळतात. क्रिकेट चाळिशीतही रविवारी खेळता येतं, पण खांद्याला पॅड आणि डोक्याला हेल्मेट चढवून अकराजणांनी अकराजणांना भिडायचा हा खेळ कॉलेज संपलं की बहुतेकांचा कायमचा सुटतो. बाउलमुळे त्याला सरावाचे आणखी काही दिवस मिळाले आणि त्याच मुलांबरोबर आणखी एक सामना मिळाला. एवढी वर्षं खो-खो शिकवताना मी पाहिलंय, तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीतही शेवटच्या वर्षाच्या मुली जीव तोडून पळायच्या, आणि सामना संपला की आधी प्रेक्षकांत घरचं कोण आलंय ते शोधायच्या. न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनिया गाडीने काही तासांचं. तुमच्या मुलाने जायलाच हवं. माझं नाव घेऊन सांगा हवं तर.

आता तुमचं. बहुतेक कॉलेजं सामना आपल्या वेबसाइटवर थेट दाखवतात, लिंक नातवाकडून मागून घ्या. नोव्हेंबरात तिथे शनिवारी दुपारी १२ ला सुरू झालेला सामना आपल्याकडे शनिवारी रात्री १०.३० ला दिसतो. १५ मिनिटांचे चार भाग असले तरी घड्याळ सारखं थांबतं, तेव्हा तीनेक तास धरा. दुपारी झोप काढून ठेवा.

बघताना चेंडूमागे नजर पळवू नका. तुमचा नातू ज्या जागेवर खेळतो तिथल्या खेळाडूच्या हाती चेंडू जवळपास कधीच येत नाही. कबड्डीत कोपरारक्षक पाय रोवून उभा असतो ना, तसा तो वाकून उभा दिसेल. चेंडू मागे गेला की समोरच्याला छातीवर घेऊन दोन-तीन सेकंद थोपवायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते साधलं तरच मागच्याला चेंडू फेकायला वेळ मिळतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, इतकं कळलं तरी सामना समजेल. या जागेवरच्यांच्या जर्सीवर ५० ते ७९ मधला नंबर असतो. त्याचा कोणता, ते आजच विचारून ठेवा.