पिवळा फ्यूज आधी काढा

प्रश्न : भाऊ, मे महिन्यात बाबांना घेऊन चोपड्याहून पुण्याला जायचं आहे. त्यांच्या इन्सुलिनसाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा 48 वॅटचा छोटा फ्रिज घेतला. त्याच सॉकेटला इन्व्हर्टर लावून चहाची किटली चालवून बघितली, तर 10 ॲम्पियरचा फ्यूज उडाला. मेकॅनिकने 20 चा टाकून दिला. आता चालेल ना? – एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, लाल म्हणजे 10 चा फ्यूज काढून पिवळा म्हणजे 20 चा बसवला म्हणून सॉकेटमागची वायर जाड होत नाही. आता फ्यूज जायच्या आधी वायर तापेल, तीही डॅशबोर्डच्या आत, जिथे वास आल्याशिवाय कळत नाही. निघण्याआधी तो पिवळा काढून लालच बसवा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा शेवटचा.

12 व्होल्ट गुणिले 10 ॲम्पियर म्हणजे 120 वॅट, एवढीच तुमच्या सॉकेटची ऐपत. फ्रिज 4 ॲम्पियर घेतो, सोबत मोबाइलचा चार्जर खुशाल लावा. किटलीचं बूड उलटून वाचा. 1000 वॅट लिहिलं असेल तर ती बॅटरीकडून 80 च्या वर ॲम्पियर मागते. इन्व्हर्टर कितीही महागाचा आणा, तो वीज पैदा करत नाही, त्याच वायरीतून ओढतो. चहा धुळ्याला टपरीवर प्या, तिथला बरा असतो.

गाडी सुरू झाल्यावरच फ्रिजची पिन लावा. जेवायला थांबलात की काढा. काही गाड्यांत चावी काढली तरी सॉकेट चालूच राहतं. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 ॲम्पियर-अवरची. चार तासांत फ्रिज त्यातले 16 खाऊन टाकतो. बॅटरी जुनी असेल तर सेल्फ मारला की नुसतं टक-टक. पिन हाताला चटका देत असेल तर ती सॉकेटमध्ये ढिली बसते आहे, वापरू नका.

आणि खरी काळजी मला फ्रिजचीच आहे. कॉम्प्रेसर नसलेले हे छोटे फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा 15-20 अंशच खाली जातात. आपल्याकडच्या 44 अंशांत आत 25 च्या आसपास राहील. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. तेव्हा जेल पॅकचा थर्मास-डबा सोबत घ्याच, मात्र पॅक आणि कुपीच्या मध्ये कापडाची घडी ठेवा. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरता येत नाही.