टोपण अडकलेली ट्यूब

“मॅडम, नवीन काही करायला गेले आणि आहे तेही हातचं गेलं तर?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. नोकरी बदलू पाहणारे विचारतात, साठीत गाणं शिकायला निघालेलेही विचारतात. या वेळी विचारणाऱ्या बाई तैलरंगात चित्रं काढत होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कोल्हापूरच्या, निवृत्त शिक्षिका. बावीस वर्षं पन्हाळ्याचे कडे, पावसाळी उतार, कौलारू घरं. नात्यात कुणाची वास्तुशांत असली की भिंतीवर यांचा पन्हाळा ठरलेला. वर्षभरापासून मात्र ब्रश हातात घेतला की कंटाळा यायचा, आणि ठेवला की अपराधी वाटायचं.

पुढच्या भेटीला मी रंगांची पेटी आणायला सांगितली. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन या मातकट-हिरव्या रंगांच्या ट्यूब पार चपट्या, टूथपेस्टसारख्या मागून गुंडाळत आणलेल्या. कोपऱ्यात प्रशियन ब्लू तेवढी गुबगुबीत. एकदाच उघडलेली, आट्यांत रंग वाळून टोपण अडकलेलं.

“ही का नाही वापरली?”

“वाया जाईल.” मग जरा थांबून, “बिघडलं तर लोक म्हणतील, हिचा हात गेला.”

खरं कारण हे दुसरं होतं.

अशा वेळी ‘बिनधास्त करा’ म्हणणं मला पटत नाही. घाबरलेला माणूस सगळं एकदम बदलायला गेला की चार दिवसांत जुन्या जागी परततो, आणि भीती आणखी पक्की होते. म्हणून सुचवलं, एका वेळी एकच गोष्ट अनोळखी ठेवा. पन्हाळाच काढा, पण निळ्यात. नाहीतर नवा विषय घ्या, पण आपल्या मातकट रंगांत. अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडेसुद्धा १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले तेव्हा मानवाकृतीच रंगवत होते. अमूर्ताकडे ते वर्षावर्षांनी सरकत गेले.

बाईंनी माझं ऐकलं नाही. विषयही नवा घेतला, रंगही: पहाटेचं स्वयंपाकघर, दिवा न लावलेलं, फक्त गॅसची ज्योत.

दुसऱ्याच दिवशी फोन आला, आवाज रडवेला. प्रशियन ब्लूची ताकद जबरदस्त. मोहरीएवढा पुरतो तिथे यांनी बोटभर काढलेला. पांढरा गिळला, पिवळ्याचा हिरवा झाला, ओटा-भिंत-ज्योत सगळं एक.

मी विचारलं, “पन्हाळ्याचे ढग बिघडले की काय करता?”

“सुरीनं खरवडते. टर्पेंटाइनचं फडकं फिरवते.”

“मग?”

त्या गप्प झाल्या. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत दिवसचे दिवस घट्ट होत राहतं. कालचा रंग आज सहज निघतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण ओळखीच्या चित्रातली चूक ही त्यांच्या लेखी कामाचा भाग होती, अनोळखी चित्रातली चूक म्हणजे थेट आपल्यावरचा निकाल. पुढच्या दोन भेटी आम्ही एवढ्यावरच बोललो.

तिसऱ्या भेटीत त्यांनी फोनवर फोटो दाखवला. काळपट निळा अंधार, खालच्या कोपऱ्यात ज्योतीचं कडं, पातेल्याच्या काठावर उजेडाची एक रेघ. पातेलं वाकडं आलं होतं. “यजमान म्हणाले, हे काय, नुसता अंधार? म्हटलं, हो, अंधारच काढलाय.”

मग पर्समधून ती निळी ट्यूब काढून दाखवली. टोपण परत अडकू नये म्हणून आट्यांना व्हॅसलिन लावलं होतं.