स्वयंपाकघरातून : श्रावणातली कर्टुली आणि खाजरं अळू

प्रश्न : लग्न होऊन रत्नागिरीहून डोंबिवलीला आले. माहेर-सासर दोन्हीकडे मासे खाणारे. श्रावण पाळायचा म्हटलं की माझ्या हातून पनीर, बटाटा, पुन्हा पनीर एवढंच होतं. नवरा म्हणतो, मालवणी मसाला घालून सोयाबीनच्या वड्या कर, मटणासारख्या लागतात. तसंच करू का?

उत्तर : नको गं. लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. मटणासारखं लागावं म्हणून केलेलं जेवताना सगळ्यांना मटणच आठवतं. मी अलिबागकडची. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर असायच्या, श्रावण लागला की सोडे-बोंबलांचे डबेसुद्धा फळीवर जायचे. मग आई परसातलं काढायची : पडवळ, भेंडी, दोडका, भोपळ्याची फुलं. त्या दिवसांत माशांची आठवण काढलेली मला आठवत नाही.

सकाळी लवकर बाजारात जा. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन गावाकडच्या बायका बसतात, त्यांच्याकडूनच घे. रानातलं काय खायचं आणि काय नाही, हे त्यांना कळतं. पहिल्या पावसातली शेवळं आता संपली, टाकळाही जून झाला. कर्टुली मात्र भरात आहेत. काटे बघून घाबरू नकोस, ते मऊ असतात. गर्द हिरवी बघून घे. पिवळट झालेल्यांच्या बिया टणक असतात, दाताखाली येतात. थोडी महाग पडतात, पण पाव किलोत तिघांचं भागतं.

धुऊन कोरडी पूस, उभी चिरून जून बिया काढ, पातळ काप कर. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, एक हिरवी मिरची. लसूण चालत असेल तर चार पाकळ्या ठेचून. काप घालून मीठ टाक आणि ताटलीत पाणी ठेवून दोन वाफा काढ. भाजीत पाण्याचा थेंब नको. मग ताटली काढून मंद आचेवर कडा तांबूस होईस्तोवर हलव. कडा चुरचुरायला लागल्या की मूठभर ओलं खोबरं घाल आणि गॅस बंद कर. गरम मसाल्याच्या डब्याला हात लावू नकोस. कर्टुल्याची किंचित कडसर चव मसाल्याखाली पार हरवते आणि मला त्याचा खरंच राग येतो. बरोबर गरम भात आणि साधं वरण कर, नवऱ्याला पहिला घास खोबऱ्यासकट घ्यायला सांग.

दुसऱ्या दिवशी दोडका. चिरण्याआधी त्याचा छोटा तुकडा जिभेला लावून बघ. कडू लागला तर सरळ टाकून दे, कडू दोडका नि कडू दुधी बाधतात. सोललेल्या शिरा मात्र टाकायच्या नाहीत. चमचाभर तेलात त्या कुरकुरीत परत, तीळ आणि सुकं खोबरं भाजून घाल, तिखट-मीठ घालून भरड वाट. आमच्याकडे भाजीआधी ही चटणी संपते.

प्रश्न : अळूचं फदफदं दर वेळी घशाला खाजतं. चिंच घालते, तरीही. काय चुकतं? (नाशिकहून)

उत्तर : अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून अळू नीट शिजायला हवं आणि आंबट शिजतानाच त्यात पडायला हवं. वरून शेवटी घातलेल्या चिंचेने काम होत नाही. भाजीसाठी हिरव्या देठांचं अळू मागून घ्या, काळ्या देठांचं वडीचं. चिरण्याआधी हाताला तेल चोळा, देठ सोलून घ्या. पानं आणि देठ थोड्या चिंचेच्या कोळासकट कुकरला लावा. चणाडाळ-दाणे वेगळ्या भांड्यात ठेवा, कारण आंबटात डाळ शिजत नाही, टणक राहते. मग सगळं एकत्र घोटा, दोन चमचे डाळीचं पीठ लावा, गूळ घाला आणि चांगलं रटरटू द्या. मेथीदाण्यांची फोडणी विसरू नका. मिळाला तर मूठभर आंबट चुका घाला, चव फार गोड खुलते.

प्रश्न : ऋषिपंचमीच्या भाजीला तेल नाही, मसाला नाही. मुलं तोंड लावत नाहीत. (साताऱ्याहून)

उत्तर : त्या भाजीला चव भाज्यांच्या रसानेच येते, म्हणून पाणी बेताचं घाला. सुरण, कणसाचे तुकडे आणि अळूचे देठ आधी शिजवा, भेंडी-पडवळ-दोडका नंतर, माठ आणि अंबाडीची पानं शेवटी. सगळं एकदम टाकलं की लगदा होतो आणि मुलं नेमकी त्यालाच कंटाळतात. उतरवताना ओलं खोबरं सढळ हाताने घाला. मुलांच्या वाटीत कणसाचे तुकडे जास्त वाढा आणि ते हातात धरून चोखू द्या, चमचा देऊ नका. आमच्या घरी त्या तुकड्यांसाठी अजून भांडणं होतात.