गळ्यात माळ, तरी लिव्हरला चरबी?

ऑफिसच्या हेल्थ चेकअपला सोनोग्राफी होते, रिपोर्टच्या खाली ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 2’, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी, अशी ओळ येते आणि माणसाची झोप उडते. असे रिपोर्ट घेऊन येणारे हल्ली फार वाढलेत. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, मी तर दारूच्या थेंबालाही शिवत नाही."

त्यातल्याच एकांची ही गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदललेली. वय 52, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी चुकवली नाही. रात्री तीनला उठून बसतात म्हणून बायकोने आणलं. रिपोर्ट त्यांनी कपाटात साड्यांच्या घडीखाली लपवला होता.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. मला वाटलं, मरणाची भीती आहे. तिसऱ्या भेटीत विचारलं, "रिपोर्ट नेमका कुणापासून लपवलाय?"

"जावयापासून. माळ घालून चोरून पितो म्हणेल."

"म्हणाला तर?"

"म्हणताच कामा नये, माउली!"

हा ‘च’! माझं निम्मं आयुष्य या एका अक्षराशी झटण्यात गेलंय. आजार छळतो त्याहून जास्त ‘मला हे व्हायलाच नको होतं’ हा हट्ट छळतो. मात्र हट्ट उपदेशाने सुटत नाही, हे मला उशिरा कळलं. कधीकधी साध्या माहितीने तो सैल होतो. म्हणून त्या दिवशी मनाचा विषय बाजूला ठेवला आणि लिव्हरबद्दल बोलले.

शाळेत आपण तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पाठ केल्या होत्या. लिव्हरच्या एकेका पेशीत त्या हजाराच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतात आणि चरबी जाळून ऊर्जा काढतात. पोट सुटलं की अंगावरची चरबी रक्तातून लिव्हरकडे येतच राहते. सुरुवातीला तंतुकणिका जास्त राबून ती निस्तरतात. पण भार वर्षानुवर्षं हटला नाही की त्यांची ताकद घटते, जळण अर्धवट होतं आणि पेशीला इजा करणारे घटक सुटतात.

"म्हणजे चुलीत लाकडं कोंबल्यासारखं," ते मध्येच म्हणाले. बालपण जुन्नरकडचं. "जाळ कमी, धूरच फार."

मग बराच वेळ गप्प बसले. माळेचा एक मणी बोटांत फिरवत होते.

"पण चूल विझली नाही ना?"

त्यांचा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते पाहणारी तपासणी, ठीक आला होता, म्हणून मी ठामपणे ‘नाही’ म्हणू शकले. खांदे खाली आलेले मला दिसले. इतका वेळ रिपोर्ट म्हणजे त्यांच्या चारित्र्याचा दाखला होता; आता तो चुलीचा प्रश्न झाला. आणि चूल कशी पेटवायची हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"तूप तर बंदच केलंय," ते म्हणाले. सगळे हेच करतात! फॅटी लिव्हरमध्ये जी चरबी साठते, तिच्यात ताटातल्या तेलातुपातून थेट आलेला वाटा सहसा सगळ्यांत लहान असतो. साखर आणि पिठूळ पदार्थांपासून लिव्हर स्वतः चरबी बनवतं, तो वाटा त्याहून मोठा. शिवाय ती बनताना तयार होणारा एक पदार्थ चरबीची तंतुकणिकांत शिरायची वाटच अडवतो. लाकडं वाढवायची आणि चुलीचं तोंडही बुजवायचं, असा प्रकार.

पुढच्या भेटीला ते स्टीलचा छोटा डबा घेऊन आले. टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत साखर. "सात चहा, दोन-दोन चमचे. सत्तर ग्रॅम. ही एका दिवसाची, माउली. महिन्याची दोन किलोच्या वर जाते." हिशेबाचा माणूस! वर पुस्ती जोडली, "यात साबुदाणा धरला नाही. एकादशी, दुप्पट खाशी."

औषधोपचार डॉक्टरांचे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की वजन 5 टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होऊ लागते, 7 ते 10 टक्के उतरलं तर सूजही. यांच्या 84 किलोंत ते 6 ते 8 किलो. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी. रोज चाललात तर काटा न हलताही लिव्हरला फायदा होतो. उपाशी राहून धडाधड वजन उतरवू नका, त्याने लिव्हरची सूज उलट वाढू शकते.

अडचण वेगळीच निघाली. टपरीवरचा चहा साखरेसकटच उकळतो, बिनसाखरेचा मिळतच नाही. आणि मित्रांना ‘नको’ म्हणायची त्यांना लाज. त्यावर आमच्या दोन भेटी गेल्या. आता ते टपरीवर जातात, सगळ्यांचे पैसे देतात आणि मोकळ्या हातांनी गप्पा मारतात. पाच महिन्यांत 4 किलो उतरले. रिपोर्ट जावयाला त्यांनी स्वतःच दाखवला. जावयालाही फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड 1.

पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. "मध्ये फराळ आहे," हे मला त्यांनीच बजावलं.